पेस्ट सुकायच्या आत

तळमजल्याच्या खालच्या त्या खोलीला खिडकी नाही. दार जाड आहे, आणि ते लागलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. आत एक पलंग, एक उशी, भिंतीत काच, काचेपलीकडे यंत्र. पंखा आहे, पण रेकॉर्डिंग चालू असताना तो लावायचा नाही, कारण पंख्याची थरथर रेषांमध्ये उतरते. ट्यूबलाइटही बंद ठेवायची. मोबाईल दाराबाहेरच्या ट्रेमध्ये. माणसाच्या डोक्यातली वीज इतकी बारीक असते की तिला कुणाचा शेजार सोसत नाही.

ज्या माणसाचं आयुष्य या खोलीत गेलं, त्याला इस्पितळात सगळे टोपीवाले काका म्हणत. डोकं टेपनं मोजायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, खुणांवर पेस्ट लावून तारांच्या छोट्या वाट्या चिकटवायच्या, वरून जाळीची टोपी चढवायची, आणि मग काचेपलीकडे बसून मेंदूच्या लाटा बघायच्या, हे त्यांचं काम. जिन्यात कुणी भेटलं की ठरलेला विनोद व्हायचा.

"काय काका, आज किती जणांना टोपी घातली?"

"चौघांना. पाचवा तू."

बायको गेल्यावर लोकांनी काही दिवस हा विनोद थांबवला. मग पुन्हा सुरू केला. काकांनी उत्तर तेच ठेवलं. आधीच्या उत्तरात आणि नंतरच्या उत्तरात त्यांना काही फरक वाटला नाही. फरक वाटत नव्हता, हीच अडचण होती.

काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. इस्पितळात तेव्हा लांबलचक कागदावर शाईनं रेषा ओढणारं यंत्र होतं. ते बिघडलं म्हणून त्यांना बोलावलं, आणि पुन्हा बिघडेल या धास्तीनं परत जाऊच दिलं नाही. पुढे ते यंत्र भंगारात गेलं, काका राहिले. बायको भेटली तीही इथेच. इस्पितळाचे पडदे आणि रुग्णांचे अंगरखे ती शिवायची. गळ्यात कायम टेप. पहिल्यांदा ती या खोलीत पडद्याचं माप घ्यायला आली आणि म्हणाली, "इथे खिडकी कुठेय?" काका म्हणाले, "नाही." "मग मला कशाला बोलावलं?" बोलावलं काकांनीच होतं.

लग्नानंतर ती म्हणायची, "तुमचं आपलं बरं आहे. गिऱ्हाईक बसवायचं, माप घ्यायचं, आणि शिवून काहीच द्यायचं नाही."

नवीन यंत्र आलं तेव्हा सरावासाठी डोकी हवी होती. सगळ्यांनी घरची माणसं आणली, काकांनी बायको आणली. डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातून सारख्या, एकामागोमाग एक लाटा येतात, आणि डोळे उघडले किंवा मन कशात गुंतलं की त्या मोडतात. तिला पडद्यावर स्वतःच्या लाटा दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा धावदोरा झाला. आणि हे पुढचं?"

"इथे तू डोळे उघडलेस."

"उसवलं की हो सगळं," ती म्हणाली.

तेव्हापासून काका मनात त्या लाटांना धावदोराच म्हणत. मॅडमना ते कधी सांगितलं नाही.

मॅडम म्हणजे विभागातल्या डॉक्टर. गेली काही वर्षं त्यांचा एक अभ्यास चालू होता: स्वस्थ पडलेल्या डोक्यात आणि काम करणाऱ्या डोक्यात नेमका फरक किती. त्यासाठी धडधाकट माणसं यायची. विद्यार्थी, पहारेकरी, शिक्षिका, एकदा तर अग्निशमन दलाची अख्खी तुकडी. प्रत्येकाला काका तीच वाक्यं त्याच सुरात सांगायचे. डोळे मिटा. अंग सैल सोडा. दात आवळू नका. काही विचार करू नका. मग थोड्या वेळानं: आता शंभरातून सात वजा करा, जे उरेल त्यातून पुन्हा सात, असं मनातल्या मनात करत राहा. आणि माणूस कुठवर पोचला असेल याचा अंदाज यावा म्हणून काचेपलीकडे काकाही सोबत मोजत. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर.

त्या दिवशीही असंच कुणीतरी मोजत होतं. एक पोरसवदा शिक्षिका, डोळे गच्च मिटलेली. काकांचा मोबाईल बाहेरच्या ट्रेमध्ये वाजून वाजून थांबला. शेवटी बॅटरी दार ढकलून आत आला. बॅटरी म्हणजे दुसरा तंत्रज्ञ, जाड भिंगांच्या चष्म्यामुळे हे नाव पडलेला. तो म्हणाला, "काका, घरून फोन आहे. काकू." आणि पुढे त्याला बोलता येईना. काकांनी हात वर केला. दोन मिनिटं, अशा अर्थानं. रेकॉर्डिंग पूर्ण केलं. आत जाऊन वाट्या काढल्या. शिक्षिकेच्या केसांतली पेस्ट कोमट पाण्यानं धुतली, कारण ती सुकली की केस ओढले जातात. टॉवेल दिला. मग हात पुसले आणि ट्रेमधून मोबाईल उचलला.

बायको फोन यायच्या आधीच गेली होती. लवकर निघाले असते तरी काही बदललं नसतं, हे सगळ्यांनी सांगितलं. मुलीनं सांगितलं नाही. बॅटरीकडून तिला सगळं कळलं होतं. रडता रडता त्यानंच सांगून टाकलं होतं, टॉवेलसकट.

"तुम्हाला काही होतच नाही का हो, बाबा?" तिनं त्या संध्याकाळी विचारलं. भांडायच्या सुरात नाही, एखादी वस्तू कुठे ठेवली हे विचारावं तशी.

काकांनी स्वतःत बघितलं. तिथे काही नव्हतं. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद. "माहीत नाही," ते म्हणाले.

मुलगी लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहते. सुट्टीच्या दिवशी येते, डबे भरते, फ्रिज पुसते, कामापुरतं बोलते. तिच्याकडे घराची किल्ली आहे. अशीच एकदा ती आली तर घरभर करपट वास. काका ओट्यासमोर उभे, गॅस चालू, दुधाचं पातेलं काळंठिक्कर. तिनं गॅस बंद केला, त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते म्हणाले, "आलीस का?"

मग तेच इस्पितळात झालं. एका पहारेकऱ्याला डोळे मिटायला सांगून काका काचेपाशी उभे राहिले आणि पुढचं सांगायचं राहूनच गेलं. पहारेकरी घोरायला लागला. बॅटरी आला, त्यानं पडदा बघितला, काकांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, हा झोपला. तुम्ही कुठे होता?"

"इथेच."

तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः पाहिलं. त्यांनी काकांना खुर्ची दिली. "असं थांबून जाणं कधी कधी मेंदूतला छोटा झटका असतो. तुम्हाला मी काय सांगणार. तो असेल तर तुम्हाला रुग्णासोबत एकटं ठेवता येणार नाही. वरच्या नोंदणीच्या खिडकीवर बसावं लागेल. नसेल तर प्रश्नच नाही. उद्या तुमचंच रेकॉर्डिंग काढू."

"चालेल," काका म्हणाले.

खिडकीवर बसण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. त्यांना वाटलं, निघू दे. रेषांत काहीतरी वाकडं निघू दे. मग मुलीसमोर कागद ठेवता येईल. बघ, हे असं आहे. मला होतं, पण मध्येच तार तुटलेली आहे.

तिला फोन करून त्यांनी तपासणीचं सांगितलं. "उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली. कामाच्या दिवशी ती कधी यायची नाही.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्यांदा त्या पलंगावर आडवे झाले. छताला इतका मोठा डाग आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बॅटरी डोक्याशी बसून मोजायला लागला. नाकाच्या उंचवट्यापासून मागच्या गाठीपर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

"काका, केस राहिलेच नाहीत. बरं झालं, पेस्ट वाचली."

"खुणा नीट कर."

"करतोय. आज तुम्हालाच टोपी. सहन करा."

"मागची वाटी डावीकडे सरकलीय."

"पडल्या पडल्या कळतं?"

"कळतं."

बॅटरीनं ती उचलून पुन्हा बसवली आणि दार लावून काचेपलीकडे गेला. काकांनी डोळे मिटले. स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला आणि काकांचीच वाक्यं त्यांच्यावर येऊन पडू लागली. अंग सैल सोडा. दात आवळू नका. काही विचार करू नका. हे शेवटचं त्यांना अवघड गेलं नाही. बायको गेल्यापासून आठ-नऊ महिने ते हेच करत होते.

मग मॅडमनी जोरजोरात श्वास घ्यायला लावले. मग दिव्याची उघडझाप केली. झटका लपून बसला असेल तर त्यानं बाहेर यावं म्हणून हे करतात. मग आवाज आला, "आता शंभरातून सात वजा करत जा. मनातल्या मनात."

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. दोनवर येऊन ते थांबले आणि पडून राहिले.

दार उघडलं. मॅडम आत आल्या, मागून बॅटरी. मॅडमच्या कपाळावर आठी होती.

"काका, वजाबाकी केलीत ना?"

"केली."

"कुठवर आलात?"

"दोन."

"बरोबर आहे." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "झटक्यासारखं अजून तरी काही दिसलं नाही. पण विश्रांती आणि हिशेब, दोन्हीत तुमची रेषा एकच आहे. जरासुद्धा हललेली नाही. उत्तर बरोबर, आणि डोकं मात्र झोपल्यासारखं. असं मी या अभ्यासात कुणाचंच पाहिलेलं नाही. मला हे बरं वाटत नाही, काका. मी रजा लिहून देते. पुढच्या तपासण्या करू, औषध सुरू करू."

हवं होतं ते हेच होतं. कागद, औषध, नाव. काकांना संध्याकाळचं स्वयंपाकघर दिसलं, कागद वाचणारी मुलगी दिसली, तिचा उतरलेला चेहरा दिसला. ती म्हणेल, मला काय माहीत, बाबा. ती जवळ येऊन बसेल.

त्यांना हेही ठाऊक होतं की ती रेषा का हलली नाही. ती वजाबाकी त्यांनी केलीच नव्हती. इतक्या वर्षांत इतक्या लोकांबरोबर ते त्याच पायऱ्या उतरले होते की आता तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आकडे जिभेवर आपोआप यायचे, कुलूप लावून झाल्यावर हात आपोआप खिशात जावा तसे. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं.

कळणार नव्हतं म्हणजे मॅडमना. बॅटरी पायाशी उभा राहून चष्मा पुसत होता. तोही तेच काम करतो, तोही काचेपलीकडून मोजतो.

या खोलीचा एक रिवाज आहे, आणि तो काकांनीच घातलेला. रेकॉर्डिंग बिघडलं असेल, वाटी सरकली असेल, सूचना चुकली असेल, तर पेस्ट सुकायच्या आत सांगायचं. तेवढ्यात पुन्हा घेता येतं. एकदा डोकं धुतलं की जे नोंदलं गेलं तेच खरं मानलं जातं. बॅटरी नवीन असताना त्यानं एकदा चूक लपवली होती, तेव्हा काकांनी त्याला आठवडाभर नुसत्या वाट्या घासायला लावल्या होत्या.

बॅटरीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "काका," तो म्हणाला, "पेस्ट सुकायला लागली."

एवढंच. काका छताच्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे धरू नका. मला ती वजाबाकी पाठ आहे."

"पाठ म्हणजे?"

"म्हणजे झोपेतसुद्धा येईल. तुम्ही मला माझंच वाक्य सांगितलंत."

मॅडम क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या, स्वतःवरच. "अरे देवा. खरंय. मग तुम्हाला पाठ नसलेलं काय द्यायचं?"

मॅडमनी विचार केला. "असं करू. तुमच्या घरात जा. मनातल्या मनात. दार उघडा, स्वयंपाकघरात जा, आणि डाव्या हातापासून सुरुवात करून एकेक वस्तू बघत या. बोलू नका. नुसतं बघा. मी थांबा म्हणेपर्यंत."

पुन्हा दार लागलं. कापूस.

काकांनी किल्ली फिरवली. दार जरा उचलून ढकलावं लागतं, ते ढकललं. चपला काढल्या. स्वयंपाकघरात डावीकडे पाण्याचं पिंप, त्यावर पालथा पेला. मग मांडणी. ताटं उभी, वाट्या एकात एक. मग गॅस, त्याची एक शेगडी नीट पेटत नाही. ओट्याचा कोपरा जिथे फरशीला चीर आहे. खिडकी, खिडकीत साबण. फ्रिज, फ्रिजवर मुलीनं ठेवलेले रिकामे डबे. काही वाटत नव्हतं. पोत्यातून वस्तू काढून मांडाव्यात तशा त्या येत होत्या. मग दार, दाराची मागची बाजू, तिथला हूक. हुकावर टेप.

रात्री काम संपलं की ती गळ्यातली टेप काढून तिथे अडकवायची. पिवळी, कापडी, कडा काळवंडलेली, वापरून वापरून लांबलेली. काकांनी एकदा ती मागितली होती, इस्पितळातली टेप सापडत नव्हती म्हणून. ती म्हणाली, "ही नेऊ नका. ही बोटभर खोटं बोलते. मला माहीत आहे म्हणून चालतं. तुमच्या हातात लोकांची डोकी बिघडतील."

टेप आहे. काकांनी पुन्हा बघितलं. टेप नाही, फडका आहे. ओटा पुसायचा फडका. नाही, टेप आहे, तिचं धातूचं टोक खाली लोंबतंय. की ते आधीचं? आज सकाळी हात पुसून फडका कुठे अडकवला? त्यांनी दार पुढे ओढलं, पुन्हा मागे लोटलं. हूक होता. हुकावर काय होतं ते दिसत नव्हतं.

"काका," स्पीकरमधून बॅटरी म्हणाला, "डोळे हलवू नका."

"स्थिर आहेत," काका म्हणाले.

"हलताहेत, काका. पापण्यांच्या आत. कपाळाकडच्या रेषा उड्या मारताहेत."

"राहू दे त्यांना," मागून मॅडमचा आवाज आला.

नंतर त्यांनी काकांना पडद्यासमोर बसवलं. डोकं अजून चिकट होतं. विश्रांतीचा भाग लांबलचक, एकसारखा. मग स्वयंपाकघराचा भाग सुरू होतो, आणि बराच वेळ फारसं काही होत नाही. मग एका जागी लाटा मोडतात आणि शेवटपर्यंत परत जुळत नाहीत.

"इथे कुठे होता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"दारामागे."

"हे नॉर्मल आहे, काका. श्वास, दिवा, सगळ्यात नॉर्मल. ते थांबून जाणं म्हणजे झटका नाही. तुम्ही नुसतं थांबता. तुमची जागा हीच, खाली." मग त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला बरं वाटलेलं दिसत नाही."

"वाटलं," काका म्हणाले.

बॅटरीनं कोमट पाण्यानं त्यांचं डोकं धुतलं आणि टॉवेल दिला. टॉवेल हातात घेऊन काका जरा वेळ बसून राहिले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मुलगी आलेली होती. चप्पल दारात, पर्स खुर्चीवर. ती ओट्याशी दूध तापत ठेवत होती. काका तिला काही बोलायच्या आधी स्वयंपाकघरात शिरले आणि दार पुढे ओढलं.

हुकावर फडका होता.

"काय निघालं?" तिनं पाठमोरंच विचारलं.

"काही नाही. नॉर्मल."

तिनं गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता. "म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बरं झाल्यासारखं ते वाटलं नाही. तीही कागदाची वाट बघत होती, हे काकांना तेव्हा कळलं.

"इथे टेप होती," ते म्हणाले.

तिची पाठ ताठ झाली. "कुठली?"

"आईची. इथे, हुकावर."

ती वळली. "मी नेली."

"कधी?"

"त्याच आठवड्यात. तुमच्यासमोरून नेली, बाबा. तुम्ही इथे चहा पीत होता. मी ती काढली, गुंडाळली, पर्समध्ये टाकली. म्हटलं, आता विचारतील. मग म्हटलं, पुढच्या सुट्टीला विचारतील." तिचा आवाज चढला नाही. "मग म्हटलं, फडकाच अडकवून बघू. तर तुम्ही त्याला हात पुसलेत."

काकांना ते आठवेना. हात पुसणं आठवत होतं. रोजचं होतं.

"आज दिसली नाही," ते म्हणाले.

"आज?"

"आज बघितलं. तिथे पडल्या पडल्या. मला वाटलं आहे. मग वाटलं नाही. ठरवताच येईना."

"आणि?"

"आणि काही नाही. मोजमाप नॉर्मल निघालं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, पातेल्याच्या तळाला काही लागलंय का हे बघावं तशी. मग हात पुसून खुर्चीकडे गेली. पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन उघडली. टेप गुंडाळलेली होती, वर रबर लावलेलं. ती रोज बरोबर घेऊन फिरत असावी, कारण रबर नवं होतं.

तिनं फडका काढून ओट्यावर टाकला आणि टेप हुकावर अडकवली. टेप आपोआप उलगडत खाली आली. धातूचं टोक दारावर एकदा आपटलं आणि हलत राहिलं.

"ही बोटभर खोटं बोलते," काका म्हणाले.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "मलाही सांगितलं होतं तिनं."

दोघं दाराकडे तोंड करून उभी होती. टोक हलायचं थांबलं, तरी दोघं तशीच. मागे चर्रर आवाज झाला आणि करपट वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, ओट्यावरून खाली थेंब पडत होते. गॅसच्या जास्त जवळ मुलगी होती. तिचा हात पोचला तेव्हा निम्मं पातेलं रिकामं झालं होतं.

ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "माझं लक्षच नव्हतं."

काकांनी ओट्यावरचा फडका उचलला आणि ते पुसायला लागले.